निर्णय कोणत्या कागदावर आहे, ते आधी पाहा

२९ जून २०२५, रविवार. दुसऱ्या दिवशी विधिमंडळाचं पावसाळी अधिवेशन सुरू व्हायचं होतं. त्या दिवशी मुंबईत आणि इतरत्र एका शासन निर्णयाच्या प्रतींची होळी झाली. संध्याकाळी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पत्रकार परिषदेत सांगितलं, की पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून आणणारे १६ एप्रिलचा आणि १७ जूनचा असे दोन्ही शासन निर्णय सरकार रद्द करत आहे.

म्हणजे जेमतेम अडीच महिने. याच महाराष्ट्रात कोयनेचे धरणग्रस्त साठ वर्षांनंतरही पुनर्वसनासाठी मोर्चे काढतात. त्यांचा राग कमी आहे असं नाही, एकजूटही कमी नाही. मग एक निर्णय अडीच महिन्यांत मागे जातो आणि दुसऱ्यासाठी दोन पिढ्या खपतात, हे कशामुळे? ‘लोकभावना तीव्र होत्या’ हे उत्तर वर्तमानपत्रात वाचायला बरं वाटतं, पण उद्या ज्यांना आपल्या गावातला, शाळेतला किंवा शेतातला एखादा निर्णय थांबवायचा आहे, त्यांच्या हाती त्यातून काही लागत नाही.

कोणतंही सरकार, कोणत्याही पक्षाचं, सहसा मतपरिवर्तन होऊन माघार घेत नाही. पुढे जाणं मागे येण्यापेक्षा महाग पडू लागलं, की ते माघार घेतं. ही महागाई कधी मतांची असते, कधी वेळेची, कधी आघाडी टिकवण्याची, कधी न्यायालयात तोंडघशी पडण्याची. नागरिकांचं काम ही किंमत वाढवण्याचं आणि त्याच वेळी मागे येण्याचा खर्च शक्य तितका कमी ठेवण्याचं. पहिलं आपल्याला जमतं. दुसऱ्याचा विचार आपण फारसा करत नाही, आणि माझ्या मते बरीच आंदोलनं तिथेच अडकतात.

आधी कागद

सरकारचा ‘निर्णय’ म्हणून आपल्या कानावर जे येतं, ते प्रत्यक्षात अनेक प्रकारचं असतं. मंत्र्याने भाषणात केलेली घोषणा हा अजून निर्णयच नसतो. मंत्रिमंडळाने मान्यता दिली तर इरादा पक्का झाला, पण अंमलबजावणीचा आदेश अजून निघायचा असतो. तो बहुधा शासन निर्णयाच्या रूपात निघतो, ज्याला आपण सगळे जीआर म्हणतो. त्याच्याही पुढे अधिसूचना असते. एखाद्या कायद्याने दिलेला अधिकार वापरून ती राजपत्रात प्रसिद्ध होते आणि तिचे कायदेशीर परिणाम त्या तारखेपासून सुरू होतात. आणि शेवटी विधिमंडळाने किंवा संसदेने मंजूर केलेला कायदा.

हे तपशील रटाळ वाटतील, पण सगळी लढाई इथे ठरते. कारण यातला प्रत्येक कागद रद्द करण्याची रीत वेगळी आणि ती सही करणारा हातही वेगळा.

शासन निर्णय हा कायदा नव्हे, तो सरकारचा कार्यकारी आदेश असतो. ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ असं लिहून खाली विभागातल्या एखाद्या उपसचिवाची किंवा अवर सचिवाची सही असते. जसा निघतो तसाच दुसऱ्या शासन निर्णयाने रद्दही होतो. त्यासाठी सभागृहात मतदान लागत नाही आणि दिल्लीची परवानगीही लागत नाही. हिंदीचा निर्णय या प्रकारातला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द झालेला कंत्राटी भरतीचा निर्णयही याच प्रकारातला. दोन्ही ठिकाणी कुठे रस्ता खोदला गेला नव्हता, कोणाची जमीन घेतली नव्हती, कोट्यवधींचं बांधकाम उभं राहिलं नव्हतं. परत फिरायला सरकारला फक्त एक कागद आणि थोडी नामुष्की एवढाच खर्च होता.

कृषी कायद्यांचं उलट. ते संसदेने सप्टेंबर २०२० मध्ये मंजूर केलेले कायदे होते. पंतप्रधानांच्या मनात आलं तरी नुसत्या सहीने ते संपणार नव्हते. म्हणून १९ नोव्हेंबर २०२१ ला पंतप्रधानांनी माघारीची घोषणा केली तरी शेतकरी दिल्लीच्या सिंघू, टिकरी आणि गाझीपूर या सीमांवरून हलले नाहीत. २९ नोव्हेंबरला दोन्ही सभागृहांत ते कायदे रद्द करणारं निरसन विधेयक मंजूर झालं, त्यानंतर ९ डिसेंबरला बाकीच्या मागण्यांबद्दल कृषी सचिवांचं लेखी पत्र आलं, आणि मगच तंबू उतरले. घोषणा आणि कायदा यांतलं अंतर त्यांना नेमकं ठाऊक होतं.

त्यामुळे एखाद्या निर्णयाविरुद्ध उभं राहायचं असेल तर पहिल्या दिवशी घोषणाफलक रंगवण्याआधी तो कागद मिळवा. शासन निर्णय सरकारच्या संकेतस्थळावर विभागवार सापडतात. उघडल्यावर लोक थेट शेवटचा ‘शासन निर्णय’ हा परिच्छेद वाचतात, पण वरचे ‘संदर्भ’ आणि ‘प्रस्तावना’ हे दोन भाग जास्त कामाचे. हा निर्णय कोणत्या आधीच्या कागदांवर उभा आहे, कोणत्या समितीचा दाखला दिला आहे, कोणत्या कायद्याचा आधार घेतला आहे, ते तिथे लिहिलेलं असतं. तो आधार कच्चा निघाला तर तुमच्या हातात पहिला मुद्दा आला.

मग माहिती अधिकार. २००५ च्या कायद्याखाली जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करून त्या विषयाची नस्ती, म्हणजे फाइल, आणि तिच्यातल्या टिप्पण्यांच्या प्रती मागता येतात. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपयांचं शुल्क, मजकूर दीडशे शब्दांच्या आत आणि एका अर्जात एकच विषय. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत. एखाद्या टिप्पणीत वित्त विभागाने किंवा विधी व न्याय विभागाने आक्षेप घेतलेला असला आणि तो बाजूला सारून निर्णय झालेला असला, तर ते एक पान तुमच्या दहा भाषणांपेक्षा जास्त बोलतं.

आणखी एक चूक टाळायला हवी, कारण ती सर्रास होते. निर्णय दिल्लीचा असतो आणि निवेदन तहसीलदारांना दिलं जातं. तहसीलदार ते वर पाठवतात, वरचे आणखी वर पाठवतात, आणि लोकांना वाटतं आपण काहीतरी केलं. निवेदन ज्याच्या सहीने निर्णय फिरू शकतो त्याच्या नावे असावं, आणि देताना आवक क्रमांक टाकलेली पोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नये. पुढे न्यायालयात किंवा सभागृहात ‘आम्हाला कोणी सांगितलंच नाही’ असा पवित्रा सरकारने घेतला, तर उपयोगी पडते ती पोच.

घड्याळ कोणाच्या बाजूने आहे

रायगड जिल्ह्यातला महामुंबई सेझविरुद्धचा, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्धचा, लढा मला या विषयातला सगळ्यात शिकवणारा लढा वाटतो. पेण, उरण आणि पनवेल या तालुक्यांतली ४५ गावं, सुमारे दहा हजार हेक्टर जमीन, रिलायन्सशी संबंधित कंपनीचा प्रकल्प, आणि भूसंपादन १८९४ च्या ब्रिटिशकालीन कायद्याने. त्या कायद्यात शेतकऱ्याची संमती हा विषयच नव्हता. प्रा. एन. डी. पाटील, उल्का महाजन आणि गावोगावचे शेतकरी त्याविरुद्ध उभे राहिले.

मोर्चे झाले, उपोषणं झाली, गावसभांचे ठराव झाले. पण त्याबरोबर त्यांनी कायदाही बारकाईने वाचला. पेण तालुक्यातली २२ गावं हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात येत होती. ज्या जमिनीला सरकारच्याच धरणाचं पाणी मिळायचं आहे, ती ओलिताची जमीन कारखान्यांसाठी कशी घेता, हा प्रश्न त्यांनी पुढे केला. मागणी केवळ ‘सेझ नको’ अशी राहिली नाही, ‘हेटवण्याचं पाणी आमच्या शेताला द्या’ अशी झाली. नकाराला जोडून एक होकार आला, आणि शेतकरी विकासाच्या आड येतात हा आरोप तिथे टिकेना.

या दबावाखाली सरकारने २१ सप्टेंबर २००८ ला त्या २२ गावांत सार्वमत घेतलं. जिल्हा प्रशासनाने, शेतकऱ्यांच्या मतपत्रिका घेऊन. त्याचा निकाल सरकारने अधिकृतपणे कधीच जाहीर केला नाही, पण कल कुठे होता हे त्या गावांत कोणालाही विचारून घ्यावं.

आता घड्याळाची गोष्ट. १८९४ च्या कायद्यात कलम ११-अ होतं. संपादनाची घोषणा प्रसिद्ध झाल्यापासून दोन वर्षांत निवाडा, म्हणजे भरपाई ठरवणारा आदेश, जाहीर झाला नाही, तर सगळी संपादन प्रक्रिया आपोआप व्यपगत, म्हणजे रद्दबातल, होते. शेतकऱ्यांना हे माहीत होतं. त्यामुळे प्रत्येक हरकत, प्रत्येक सुनावणी, मोजणीला आलेल्या अधिकाऱ्यांना अडवणारी प्रत्येक गावबैठक यांना दुहेरी अर्थ होता: विरोध तर होताच, शिवाय दिवस सरत होते. २००९ मध्ये ती मुदत संपली आणि संपादन बारगळलं. सरकारने मोठ्या मनाने काही सोडून दिलं नाही. कायद्यात लिहिलेली तारीख येईपर्यंत लोक तग धरून राहिले, एवढंच झालं, आणि ते फार मोठं होतं.

त्या काळात देशभर वातावरण बदलत होतं हेही खरं. मार्च २००७ मध्ये नंदीग्राममध्ये गोळीबार झाला, त्यानंतर एप्रिलमध्ये केंद्राच्या मंत्रिगटाने सेझसाठी ५,००० हेक्टरची कमाल मर्यादा घातली आणि राज्यांनी सेझसाठी सक्तीने जमीन घेऊ नये असं ठरवलं. बंगालमधल्या गावकऱ्यांनी मोजलेल्या किमतीचा काही वाटा रायगडच्या पदरात पडला. लढे एकमेकांपासून असे वेगळे नसतात.

आजच्या कायद्यांतही अशी घड्याळं आहेत. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकत घ्यायला ६० दिवस मिळतात, घोषणेनंतर बारा महिन्यांत निवाडा व्हावा लागतो. राष्ट्रीय महामार्गाच्या कायद्यात हरकतीला अवघे २१ दिवस. शहराच्या विकास आराखड्यावर हरकती आणि सूचना मागवणं नगररचना कायद्याने बंधनकारक आहे. या मुदती दोन्ही बाजूंनी कापतात. एकविसावा दिवस तुमच्या नकळत गेला, तर बाविसाव्या दिवशीचा मोर्चा कितीही मोठा असला तरी कायद्याच्या दृष्टीने तुम्ही हरकत घेतलेलीच नाही.

हरकतींना कोण विचारतं, असं म्हणणाऱ्यांनी मुंबईचा विकास आराखडा आठवावा. २०१४ ते २०३४ या काळासाठीचा मसुदा २०१५ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झाला. नागरिक, वास्तुरचनाकार, वसाहतींच्या संघटना यांनी आपापल्या भागाचे नकाशे पाहिले आणि चुकांचा ढीग बाहेर काढला. कुठे जुनी प्रार्थनास्थळं नकाशातून गायब, कुठे असलेल्या इमारतीवरून रस्ता, आरेच्या हिरवळीवर बांधकामाचा प्रस्ताव. हजारो हरकती आल्या. एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा रद्द करून चुका सुधारायला सांगितलं. त्या हरकतींचं बळ संख्येत होतंच, पण त्याहून जास्त तपशिलात होतं. ‘आमचा या आराखड्याला विरोध आहे’ या एका वाक्याच्या हजार प्रती एका फटक्यात निकाली काढता येतात. ‘अमुक सर्वेक्षण क्रमांकावर शाळा आहे, तुम्ही तिथून रस्ता दाखवला आहे’ हे वाक्य निकाली काढायला अधिकाऱ्याला उत्तर लिहावं लागतं.

अर्थात हरकतींनी दर वेळी यश येतं असं मी सांगणार नाही. कडव्या डाव्या संघटनांवर कारवाईसाठी राज्याने आणलेल्या जनसुरक्षा विधेयकावर विधिमंडळाच्या संयुक्त समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आल्या. मसुद्यात काही बदल झाले, आणि जुलै २०२५ मध्ये विधेयक मंजूरही झालं. त्या सूचना वाया गेल्या असं मला वाटत नाही, पण त्या पुरेशा ठरल्या नाहीत हे मान्य करायला हवं. कारण तिथे सरकारला पुढे जाणं महाग पडेल असं बाकी काही घडलं नाही.

महाग कोणासाठी?

पुन्हा हिंदीच्या निर्णयाकडे येऊ, कारण हा भाग तिथे स्पष्ट दिसतो.

१६ एप्रिलला शासन निर्णय निघाला. त्यात मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिली ते पाचवी हिंदी अनिवार्य होती. आठवडाभरात शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी ‘अनिवार्य’ शब्दाला स्थगिती देत असल्याचं सांगितलं. बरेच लोक तिथेच निश्चिंत झाले. १७ जूनला सुधारित निर्णय आला तेव्हा त्यात हिंदी ‘सर्वसाधारणपणे’ तिसरी भाषा असेल असं लिहिलं होतं. दुसरी भाषा हवी असेल तर एका वर्गातल्या किमान वीस मुलांनी ती मागावी, ही अट. जिल्हा परिषदेच्या शाळांची पटसंख्या ज्याला माहीत आहे त्याला ही अट वाचताच कळेल, की अनेक गावांत आख्ख्या वर्गात वीस मुलं नसतात. विरोध करणाऱ्यांनी दुसरा कागद पहिल्याइतक्याच काळजीने वाचला म्हणून लढा पुढे चालला.

विरोध कोण करत होतं, हे महत्त्वाचं. विरोधी पक्ष तर बोलणारच, त्याची सरकारला सवय असते. पण इथे राज्य सरकारच्या स्वतःच्या भाषा सल्लागार समितीचे अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख यांनी निर्णय मागे घ्या असं मुख्यमंत्र्यांना लिहिलं होतं. बालशिक्षणाचे अभ्यासक बोलत होते की सहा वर्षांच्या मुलावर एकदम तीन भाषांचा भार नको. मराठी अभ्यास केंद्राचे दीपक पवार आणि शिक्षणाच्या क्षेत्रातल्या संस्था समन्वय समिती करून आंदोलन बांधत होत्या. शिक्षक बोलत होते, साहित्यिक बोलत होते, आणि हिंदीचा द्वेष न करता बोलत होते. विरोध हिंदी भाषेला नाही, पहिलीपासूनच्या सक्तीला आहे, ही रेघ बहुतेकांनी सांभाळली. त्यामुळे सत्ताधारी पक्षांच्या स्वतःच्या मतदारांनाही या विरोधात सामील व्हायला अडचण पडली नाही. सरकारला महाग पडतं ते हे. विरोधकांची गर्दी सरकारला मोजता येते, आपला मतदार कुरकुर करू लागला की झोप उडते.

मग राज ठाकरे यांनी ६ जुलैच्या मोर्चाची हाक दिली, उद्धव ठाकरे यांनी ७ जुलैच्या आंदोलनाला पाठिंबा दिला, आणि दोन्ही मिळून ५ जुलैचा एकच मोर्चा ठरला. जवळजवळ वीस वर्षं एका व्यासपीठावर न आलेले दोन भाऊ एकत्र येणार होते, मुंबईसह महापालिकांच्या निवडणुका समोर होत्या, आणि ३० जूनपासून अधिवेशन. या तीन गोष्टी एका आठवड्यात जुळून आल्या. २९ जूनला निर्णय गेला. ५ जुलैच्या मोर्चाचा वरळीत विजयी मेळावा झाला.

राजकीय नेत्यांमुळे जिंकलो की नागरिकांच्या संघटनांमुळे, हा वाद तेव्हापासून चालू आहे. मला विचाराल तर एप्रिलपासून ज्यांनी मुद्दा घासून धारदार केला ते नसते, तर जूनमध्ये नेत्यांना उचलायला काही मिळालं नसतं. आणि नेते नसते तर तो मुद्दा कदाचित आणखी वर्षभर परिसंवादांत फिरला असता. दोघांनाही श्रेय देताना हात आखडू नये.

वेळ निवडण्याची हीच समज कृषी कायद्यांच्या वेळीही दिसली. उत्तर प्रदेश आणि पंजाबच्या निवडणुका २०२२ च्या सुरुवातीला होत्या आणि माघार आली ती नोव्हेंबर २०२१ मध्ये. त्याआधी अकाली दल सरकारमधून बाहेर पडला होता. पण वर्षभर थंडी, पाऊस, ऊन आणि साथीचा रोग सोसत लोक रस्त्यावर बसून राहिले नसते, तर निवडणूक आली तेव्हा मागायला तिथे कोणीच नसतं.

इथे हिंसेबद्दल स्पष्ट बोलायला हवं. २६ जानेवारी २०२१ ला लाल किल्ल्यावर जे घडलं त्यानंतर दोन दिवस असे होते, की आंदोलन मोडतं की काय असं वाटत होतं. गाडी जळाली, दगड फेकला गेला, की सरकारचा खर्च एका क्षणात उतरतो, कारण कुंपणावर बसलेला माणूस सरकारच्या बाजूला जातो. याउलट मार्च २०१८ मधला नाशिक ते मुंबई किसान लाँग मार्च पाहा. सुमारे १८० किलोमीटर चालून पाय फुटलेले हजारो आदिवासी शेतकरी मुंबईच्या दारात पोचले आणि दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलांची वाट अडू नये म्हणून सोमय्या मैदानावरून रातोरात चालत आझाद मैदानात गेले. मुंबईकरांनी त्यांना पाणी दिलं, चपला दिल्या. त्या एका रात्रीने जे साधलं ते कोणत्याही चक्का जामने साधलं नसतं.

न्यायालयाबद्दल थोडक्यात. न्यायालय निर्णय शहाणपणाचा आहे की नाही हे सहसा पाहत नाही, तो अधिकारात राहून आणि योग्य पद्धतीने घेतला की नाही ते पाहतं. त्यामुळे कार्यपद्धतीची चूक सापडली असेल तर जरूर जावं, पण ‘स्थगिती’ मिळाली म्हणजे काम झालं असं समजू नये. कृषी कायद्यांना सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०२१ ला स्थगिती दिली, समिती नेमली, तिच्यात आपल्याकडचे शेतकरी संघटनेचे अनिल घनवट होते. शेतकरी तरीही उठले नाहीत. सरकारने दीड वर्ष अंमलबजावणी थांबवण्याची तयारी दाखवली, तीही त्यांनी नाकारली. तेव्हा अनेकांना तो हट्ट वाटला होता.

परतीची वाट

सरकारला मागे यायचं असतं तेव्हा त्याला एक दार लागतं. महाराष्ट्रात ते दार बहुतेक वेळा समितीचं असतं. हिंदीच्या वेळी डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली गेली. सोबत आधीच्या सरकारच्या काळातल्या माशेलकर समितीच्या अहवालाचा दाखला देऊन, हे मूळ तुमचंच असा टोला विरोधकांना मारला गेला. कंत्राटी भरतीचा निर्णय रद्द करतानाही सुरुवात आधीच्या सरकारने केली असंच सांगितलं गेलं.

आंदोलकांना याचा राग येतो. मला वाटतं, येऊ देऊ नये. सरकारने जाता जाता दुसऱ्यावर दोष टाकला, आपण जनतेचं ऐकलं असं म्हणून पाठ थोपटून घेतली, तर तेवढं त्याला घेऊ द्यावं. मंत्र्याला नाक घासायला लावायचंच असं ठरवलं, तर तो नाक वाचवायला निर्णय रेटून नेतो. आपल्याला निर्णय जायला हवा आहे, माफीनामा नको.

पण त्या दारातून निर्णय परत आत येणार नाही हे मात्र पाहायला हवं. शक्तिपीठ महामार्गाचं उदाहरण ताजं आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी जोरदार विरोध केला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या जिल्ह्यातल्या भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक झाली. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने नागपूर ते गोवा या महामार्गाला आणि भूसंपादनासाठी सुमारे वीस हजार कोटी रुपयांच्या तरतुदीला मान्यता दिली. एका जिल्ह्याची अधिसूचना रद्द झाली होती, प्रकल्प रद्द झाला नव्हता. कागद नीट वाचणाऱ्यांना तो फरक तेव्हाच दिसला होता.

गोव्यानेही हे फार महागात शिकून घेतलं. २००६ च्या प्रादेशिक आराखड्याविरुद्ध गोवा बचाव अभियान उभं राहिलं आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. त्या यशाच्या जोरावर लोक सेझविरुद्ध उतरले, आणि ३१ डिसेंबर २००७ ला मुख्यमंत्री दिगंबर कामत यांनी गोव्यातले सगळे सेझ रद्द करत असल्याचं जाहीर केलं. लोकांनी जल्लोष केला. पण तीन सेझ केंद्राने आधीच अधिसूचित केले होते, त्यांवर राज्याच्या घोषणेने पडदा पडत नव्हता. कंपन्यांना जमिनी दिलेल्या होत्या, पैसे घेतलेले होते. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, २०१० मध्ये भूखंडवाटप रद्द ठरलं, तिथून सर्वोच्च न्यायालयात. कंपन्यांचे पैसे व्याजासह परत करून जमीन सोडवायला २०१८ उजाडलं. ज्या घोषणेचा जल्लोष एका रात्रीत झाला, ती कागदावर पुरी व्हायला दहा वर्षं लागली.

त्या तीन सेझपैकी एक फोंडा तालुक्यातल्या केरीच्या पठारावर होता, भूतखांबला. याच पठारावर नव्वदच्या दशकात नायलॉन ६,६ चा कारखाना येऊ घातला होता. गावाने तो हाकलला, आणि १९९५ मध्ये त्या आंदोलनात निलेश नाईक हा तरुण पोलिसांच्या गोळीने गेला. एका पिढीने रक्त सांडून राखलेली जमीन दुसऱ्या नावाने पुन्हा मागितली गेली. हा तपशील मी मुद्दाम लिहितो आहे, कारण जिंकल्यावर समिती बरखास्त करून घरी जाणाऱ्यांनी तो विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

मग मागायचं काय? आधीचा कागद क्रमांक आणि तारखेनिशी ‘अधिक्रमित’ (म्हणजे नव्याने बाद केलेला) किंवा ‘रद्द’ केल्याचा स्पष्ट उल्लेख असलेला नवा कागद. स्थगिती नव्हे, ‘पुढील आदेशापर्यंत’ नव्हे. आधीच्या निर्णयाखाली दिलेले ठेके, वाटपं, नोटिसा यांचं काय होणार, हे त्याच कागदात. केंद्राची अधिसूचना असेल तर तिच्यासाठी वेगळा पाठपुरावा. आणि सभागृहात एखाद्या आमदाराकडून तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना, म्हणजे मंत्र्याचं उत्तर विधिमंडळाच्या कामकाजात नोंदलं जातं. भाषणातल्या शब्दावरून फिरणं सोपं असतं, सभागृहातल्या उत्तरावरून फिरलं तर हक्कभंग आणि आश्वासन समिती आड येते.

२०१८ च्या लाँग मार्चला लेखी आश्वासन मिळालं होतं, वनहक्कांचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू असं. निघाले नाहीत. फेब्रुवारी २०१९ मध्ये तेच लोक पुन्हा चालायला लागले, पुन्हा लेखी आश्वासन मिळालं. मार्च २०२३ मध्ये तिसऱ्यांदा निघाले तेव्हा माजी आमदार जे. पी. गावित आणि किसान सभेच्या लोकांनी पद्धत बदलली. सरकारशी बोलणी झाली, पण मोर्चा मुंबईत आला नाही आणि परतही गेला नाही. तो ठाणे जिल्ह्यात वासिंदला थांबला. मुख्यमंत्र्यांनी मागण्यांबद्दल विधिमंडळात निवेदन केलं, तरी लोक वासिंदलाच बसून राहिले. निवेदनाची लेखी प्रत हातात पडली आणि अंमलबजावणीचे आदेश खाली पोचू लागल्याची खात्री झाली, तेव्हा १८ मार्चला त्यांनी नाशिकचा रस्ता धरला.